वीस सेंटिमीटरच्या नळीतला ऊस

साखरेच्या इतिहासात १९३२ हे साल कायद्यासाठी ओळखलं जातं. जावाच्या स्वस्त साखरेपुढे देशी कारखाने टिकावेत म्हणून त्या वर्षी संरक्षणाचा कायदा झाला आणि दोन-तीन वर्षांत दख्खनच्या कालव्यांवर साखरेची धुराडी उभी राहिली. भाटघरचं लॉइड धरण १९२८ साली पुरं झालेलं होतं, नीरेचं पाणी फलटणच्या माळाकडे यायचं होतं, आणि त्या संस्थानातल्या एका वस्तीला साखरवाडी हे नाव मिळायचं होतं. त्याच १९३२ साली, आज सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यात असलेल्या पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. कायद्याची चर्चा खूप झाली, पाडेगावची त्या मानाने कमी. पण पुढची नव्वद वर्षं कृष्णा-नीरेच्या खोऱ्यात उसाबद्दल जी भाषा बोलली गेली तिचे आकडे अशाच प्रयोगशाळांनी रुळवले.

तोवर उसाची पारख गुळव्याच्या हाती होती. काहिलीतला रस उकळायला लागला की वर येणारी मळी तो झाऱ्याने काढायचा, रस निवळावा म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचा, आणि पाक झाला की नाही हे बघायला त्याचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळायचा. गोळी टणक झाली, भांड्यावर आपटल्यावर वाजली, की काहील उतरवायची. सांगली-कोल्हापूरच्या पेठांतले व्यापारी ढेप फोडून रंग बघत, कणी बघत, जिभेवर ठेवत आणि भाव बोलत. या पारखीत आकडा कुठेच नव्हता, तरी ती अडाणी म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात तुटलेला ऊस दोन-तीन दिवस बांधावर पडून राहिला तर त्याचा गूळ ‘बसत नाही’, ढेप ओली राहते, हे प्रत्येक गुळव्याला ठाऊक होतं. कारण तेवढं त्याला सांगता येत नव्हतं.

ते कारण शोधणारं उपकरण तोपर्यंत युरोपात शंभर वर्षं वापरून झालेलं होतं.

१८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन मालुस हा लष्करी इंजिनियर लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळतीचा प्रकाश आइसलँडच्या पारदर्शक स्फटिकातून बघत होता. स्फटिक फिरवला की दोन प्रतिमांपैकी आधी एक फिकी पडायची, मग दुसरी. प्रकाशाची लाट एरवी आपल्या वाटेला आडव्या अशा सगळ्या दिशांनी कंप पावते. काचेवरून विशिष्ट कोनात परतलेल्या प्रकाशात मात्र एकाच प्रतलातला कंप उरतो. असा प्रकाश ध्रुवित झाला असं म्हणतात. तीन वर्षांनी आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिसलं की क्वार्ट्झच्या चकतीतून जाताना असा प्रकाश काहीतरी वेगळंच करतो. झां-बातिस्त बियोने ते धरून ठेवलं आणि १८१२ साली दाखवून दिलं की क्वार्ट्झ हे प्रतलच वळवतं, चकती जितकी जाड तितकं जास्त, आणि तांबड्या प्रकाशापेक्षा जांभळ्याला कितीतरी अधिक.

खरा धक्का १८१५ चा आहे. तारपिनाचं तेल, लिंबाच्या सालीचं तेल, अल्कोहोलातला कापूर आणि पाण्यात विरघळलेली साखर हे द्रवसुद्धा प्रतल वळवतात, हे बियोला त्या वर्षी आढळलं. क्वार्ट्झमध्ये कणांची रचना असते, तिला जबाबदार धरता येतं. पाण्यात विरघळलेल्या साखरेत कसली रचना? म्हणजे हा गुण एकेका रेणूचा असला पाहिजे. खात्री करायला बियोने तारपिनाच्या वाफेवरही प्रयोग केला. लांबच लांब नळीत वाफ भरली, वळण दिसलं, आणि नंतर वाफेने पेट घेतला. बियोचं चरित्र वाचताना मला हा प्रसंग नेहमी आवडतो. कागदावर जे सुटसुटीत सूत्र म्हणून येतं त्यामागे जळका वास असतो.

सूत्र असं: प्रतल किती अंश वळेल हे पदार्थाच्या स्वतःच्या गुणावर, द्रावण किती दाट आहे यावर आणि नळी किती लांब आहे यावर ठरतं. त्यात प्रकाशाचा रंग, तापमान आणि कशात विरघळवलं आहे याच्या अटी आल्या. पदार्थाच्या स्वतःच्या गुणाला विशिष्ट वलन म्हणतात. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, २० अंश तापमानाला, उसाच्या साखरेचं म्हणजे सुक्रोजचं विशिष्ट वलन उजवीकडे ६६.५ अंश आहे. रेणू असं का करतो याची पहिली खूण १८४८ साली मिळाली. पाश्चरने भिंगाखाली टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक चिमट्याने दोन ढिगांत वेगळे केले. ते एकमेकांचं आरशातलं रूप होते, उजव्या-डाव्या पायांच्या चपलांसारखे. एका ढिगाचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याचं तितकंच डावीकडे. म्हातारा बियो तेव्हा पंचाहत्तरीकडे झुकलेला होता. आपल्यासमोर प्रयोग पुन्हा करून दाखवल्याशिवाय त्याने विश्वास ठेवला नाही. कार्बनच्या चार हातांना चार वेगळे गट जोडले की ही डावी-उजवी जोडी तयार होते, हे व्हॅन्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ साली स्वतंत्रपणे मांडलं.

पण हे वळण मोजणाऱ्या उपकरणाला, पोलरीस्कोप किंवा पोलरीमीटरला, बाजारात आणलं ते रेणूंच्या कोड्याने नव्हे, करवसुलीने. युरोपात बीटाची साखर वाढत होती, सरकारांना तिच्यावर कर हवा होता आणि कर बसवायला शुद्धता मोजायला हवी होती. त्याआधी साखरेची प्रत रंगावर ठरायची. डच नमुन्यांच्या बाटल्या समोर ठेवून जकात अधिकारी रंग जुळवत. मग चांगली साखर मुद्दाम काळपट करून कमी जकातीत अमेरिकेत उतरवण्याचे प्रकार झाले, खटले चालले, आणि १८८३ पासून अमेरिकेच्या जकातीत पोलरीस्कोपचा आकडा आला. दरम्यान व्हेंट्स्केने बर्लिनमध्ये आणि सोलेयने पॅरिसमध्ये आपापली साखरमापी यंत्रं काढली होती. फ्रेंच यंत्राला सुमारे १६.३ ग्रॅम साखर लागायची, जर्मन यंत्राला २६ ग्रॅमच्या आसपास. एकाच साखरेचे दोन देशांत दोन आकडे येऊ लागले. त्यातून १८९७ साली हॅम्बर्गला साखर विश्लेषणाच्या एकसारख्या पद्धती ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. २६ ग्रॅम साखर, २० अंशांना बरोबर १०० मिलिलिटर द्रावण, २०० मिलिमीटरची नळी. शुद्ध साखर असेल तर वाचन १००. प्रत्यक्षात प्रतल ३४.६ अंशांच्या आसपास वळलेलं असतं, पण कारखान्यात अंश कोणी बोलत नाही. तिथे ‘पोल’ बोलतात.

हा पोल दक्षिण महाराष्ट्राच्या बोलीत आला तो सहकाराबरोबर. प्रवरेचा पहिला सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला आणि त्याच दशकात कृष्णाकाठही हलला. आजचा सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखला जायचा. सांगलीला वसंतदादा पाटलांनी शेतकरी सहकारी कारखाना उभा केला, कऱ्हाडजवळ रेठरे बुद्रुकला ‘कृष्णा’ आला, मग वाई तालुक्यात भुईंज, वाळवा तालुक्यात साखराळे, पुढे वाळव्याचा ‘हुतात्मा’ आणि कुंडलचा ‘क्रांती’. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडताना गोळी खाल्लेले दादा, प्रतिसरकारातले किसन वीर, नागनाथअण्णा, जी. डी. बापू लाड... बेचाळीसच्या भूमिगतांची यादी आणि या दोन जिल्ह्यांतल्या कारखान्यांची यादी शेजारी ठेवली तर बरीच नावं दोन्हीकडे सापडतात. इंग्रजी राजवटीचे खजिने लुटण्याची ख्याती असलेली ही माणसं आता चीफ केमिस्टच्या रोजच्या अहवालावर डोळे लावून बसू लागली.

केमिस्ट आणायचे कुठून हा प्रश्न होताच. कानपूरच्या साखर संस्थेतून शिकून आलेले थोडे होते. पुण्यात १९३६ पासून डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन होती. पण पाळीत रात्रभर बाटल्या आणि नळ्या धुणारे, रस गाळणारे, आकडे लिहिणारे लॅब केमिस्ट गावातलेच लागत, आणि ते आसपासच्या कॉलेजांतून येऊ लागले. सांगलीचं विलिंग्डन १९१९ पासूनचं, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं, कऱ्हाडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ चं. बी. एस्सी.च्या रसायनशास्त्रात आम्लाने साखरेचं विघटन घडवून त्याचा वेग मोजण्याचा एक जुना प्रयोग असतो. तो मुळात विल्हेल्मीने १८५० साली पोलरीमीटर वापरूनच केला, आणि रासायनिक क्रियेचा वेग गणिताने मांडण्याची सुरुवात तिथे झाली असं मानतात. परीक्षेपुरता पाठ केलेला तो प्रयोग कारखान्याच्या आवारात मात्र दर तासाला आपसूक चालू असतो.

तो कसा, हे समजलं की गुळव्याचं ‘बसत नाही’ही समजतं. ऊस तुटला की त्यातली विकरं आणि आम्लता सुक्रोज फोडायला लागतात. एका सुक्रोजचे दोन तुकडे पडतात: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज उजवीकडे वळवतं, ५२.७ अंश. फ्रुक्टोज डावीकडे, तब्बल ९२. दोघं सारख्या प्रमाणात मिसळले की सरासरी डावीकडे जाते, सुमारे २० अंश. म्हणजे अधिक ६६.५ पासून उणे २० पर्यंतचा हा प्रवास. या मिश्रणाची पांढरी साखर होत नाही, ते मळीत जातं, आणि काहिलीत असेल तर ढेप ओली ठेवतं. पोलरीमीटरमध्ये हीच गोष्ट वाचन घसरताना दिसते.

मात्र घसरतंच असं नाही, आणि इथे पुस्तकातल्या अटी एकेक करून हिशेब मागायला लागतात. पहिली अडचण सोबत्यांची. नळीतून जाणारा प्रकाश फक्त सुक्रोजशी बोलत नाही. द्रावणात जे जे वळवणारं आहे त्या सगळ्यांची बेरीज भिंगात येते. उन्हात पडलेल्या उसात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ करतात. डेक्स्ट्रानचं विशिष्ट वलन सुक्रोजच्या जवळपास तिप्पट, तेही उजवीकडेच. म्हणजे ऊस खरोखर सडायला लागला की पोल खऱ्या साखरेपेक्षा जास्त दिसतो. पॅनमनला पाक चिकट लागतो, दाणा लांबट येतो, पोती कमी निघतात, आणि कागदावर मात्र साखर होती. मग ती गेली कुठे? ‘अज्ञात तूट’ या रकान्यातला काही भाग मुळात नसलेल्याच साखरेचा असतो.

दुसरी अडचण तापमानाची. आयोगाचे २० अंश हॅम्बर्गला सोपे. किर्लोस्करवाडीच्या किंवा फलटणच्या एप्रिलमध्ये बॉयलरच्या शेजारच्या प्रयोगशाळेत ते कुठून आणणार? सुक्रोजला उष्म्याने फारसा फरक पडत नाही. फ्रुक्टोजला खूप पडतो, तापमान वाढेल तसं त्याचं डावं वळण झपाट्याने कमी होतं. इतकं, की ८७ अंशांच्या सुमारास ग्लुकोज-फ्रुक्टोजचं सम मिश्रण प्रकाश कुठेच वळवत नाही. साखर आहे, गोडी आहे, वाचन शून्य. म्हणून क्लेर्जेची १८४९ ची जी दुहेरी पद्धत आहे, आधी एक वाचन, मग आम्लाने विघटन करून दुसरं, आणि दोन्हींतल्या फरकावरून खरं सुक्रोज, तिच्या सूत्रात तापमान घालावंच लागतं.

तिसरी गोष्ट नळीची आणि रंगाची, आणि त्या दोन्ही एकात एक गुंतलेल्या. चोयट्यांमध्ये साखर इतकी थोडी उरलेली असते की २०० मिलिमीटरच्या नळीत ती नीट वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या अर्कासाठी ४०० ची नळी घेतात. मळीचं उलट. साखर भरपूर, पण द्रावण असं काळं की पिवळा प्रकाश पलीकडे पोहोचतच नाही. तेव्हा १०० ची नळी घेऊन वाचन दुप्पट करायचं. काळेपणा घालवायला कारखान्यांनी पिढ्यान् पिढ्या शिश्याचा क्षार, लेड सबॲसिटेट, वापरला. गुळव्याच्या भेंडीचं काम इथे शिसं करत होतं: मळ खाली बसवायचा, रस नितळ करायचा. पण शिसं विषारी, आणि चमचा जरा जास्त पडला तर ते फ्रुक्टोजला धरून त्याचं डावं वळण कमी करतं, म्हणजे पोल वाढलेला दिसतो. गेल्या काही दशकांत ८८० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालणारी यंत्रं आली. हा प्रकाश काळ्या रसातूनही पार होतो, त्यामुळे शिसं लागत नाही. तरंगलांबी वाढली की वळण मात्र घटतं, हे बियोने क्वार्ट्झवर दोनशे वर्षांपूर्वीच दाखवलं होतं, त्यामुळे या यंत्रांना अंशाचा फारच बारीक भाग टिपावा लागतो.

इतकं सगळं शेतकऱ्याला कशाला हवं? त्याचं उत्तर दरात आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशापासून उसाचा किमान दर साखर उताऱ्याला बांधलेला आहे. पूर्वी पाया ८.५ टक्के उताऱ्याचा होता. २००९ साली किमान दराच्या जागी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आली तेव्हा तो ९.५ झाला, २०१८-१९ ला १०, २०२२-२३ ला १०.२५. २०२५-२६ च्या हंगामाला पायाभूत उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा असा दर जाहीर झाला. म्हणजे उतारा एक टक्क्याने वाढला तर टनाला ३४६ रुपये. एकरी चाळीस टन पिकवणाऱ्याला हा फरक तेरा हजार आठशेच्या वर जातो. सातारा, सांगली आणि कोल्हापूरचा पट्टा देशातला सर्वांत चांगल्या उताऱ्याचा, कारखान्यागणिक १२ टक्क्यांच्या आगेमागे, म्हणून इथे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर सभा उधळतात.

काटा मारला आणि रिकव्हरी मारली, हे दोन आरोप ऊसपट्ट्यात जोडीने होतात. पहिला समजायला सोपा, भरलेली गाडी दुसऱ्या काट्यावर नेऊन बघता येते. दुसरा तपासायचा कसा? रिकव्हरी किंवा उतारा म्हणजे गाळलेल्या उसातून किती साखर निघाली त्याचं प्रमाण, पोत्यांवरून काढलेलं. पोलरीमीटर वाटेवरच्या जागा दाखवतो: गव्हाणीत किती आली, चोयट्यांत किती गेली, मळीत किती, प्रेसमडमध्ये किती. पाकातली साखर इथेनॉलकडे वळवायला लागल्यापासून तर पोती मोजून भागत नाही. वळवलेली साखर उताऱ्यात धरावीच लागते आणि ती ठरते प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला, दुसरा टप्पा चालू हंगामाचा उतारा निघाल्यावर. केंद्राच्या आदेशात चौदा दिवसांत पैसे आणि मागच्या हंगामाचा उतारा असा हिशेब आहे. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

माझ्या मते या भांडणाचं मूळ उपकरणात कुठेच नाही. नळीत कोणाचा ऊस भरायचा, यात आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १९१५ च्या कायद्यानंतर प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाच्या रसाचं वेगळं विश्लेषण करून त्यावर दर देण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे गव्हाणीत पडलेला ऊस सगळ्यांचा होतो. याची कारणंही खरी आहेत. क्वीन्सलँडचा शेतकरी गाड्यांवर गाड्या भरून एकाच शेताचा ऊस आणतो, वाळव्यातल्या सभासदाचा कधी दीड एकर असतो, कधी वीस गुंठे, आणि दिवसाला हजारो टन गाळताना त्याची ट्रॉली वेगळी काढून तिचा पोल बघणं सोपं नाही. सहकाराला सरासरी सोयीची आणि न्यायाचीही वाटली. पण त्याचा परिणाम असा, की आपल्या रसाचा पोल किती, हे शेतकऱ्याला कधी कळत नाही. कारखान्याचा माणूस तोडणीआधी हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बांधावर येतो तेवढीच त्याची भेट, आणि तो दाखवतो ब्रिक्स, म्हणजे विरघळलेलं सगळंच, साखर त्याचा एक भाग.

वसंतदादांचं स्वतःचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. तरी १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी राहण्यात पुढाकार त्यांचाच. दादा १९८९ साली गेल्यावर तिला त्यांचं नाव मिळालं. दुसरीकडे पाडेगाव आपलं काम करत राहिलं. को ७४० या उसाच्या जातीने पन्नास-साठच्या दशकांपासून राज्यभर शेतं व्यापली, तिच्या दोन्ही पालकांच्या क्रमांकाआधी पाडेगावचा ‘पी’ होता. नव्वदच्या दशकात ८६०३२ आली, महाराष्ट्रात तिला ‘नीरा’ म्हणतात. २००७ साली पाडेगावने फुले २६५ दिली.

आणि २६५ वरून तंटा सुरू झाला. हा ऊस जाड, खोडवा उत्तम, खारवट चोपण जमिनीतही तग धरणारा. कृष्णाकाठच्या पाण्याने फुगलेल्या रानांना असाच वाण हवा होता. एकरी टन वाढले. साखर मात्र ८६०३२ पेक्षा थोडी कमी आणि पक्व व्हायला उशीर. कारखान्यांनी हात आखडता घेतला. कुठे नोंद नाकारली, कुठे तोड मागे ढकलली. उतारा घसरला तर सगळ्यांचाच दर घसरेल, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. दर टनावर मिळतो आणि टन २६५ देते, हे शेतकऱ्याचं म्हणणंही खरं. जानेवारीत शेत मोकळं करून भुईमूग पेरायचा असेल तर तो पोल वर जाण्याची वाट का बघेल? वर गेलेल्या पोलाचा फायदा त्याच्या एकट्याच्या खात्यात येतच नाही. शेजारी नीट चौदा महिने थांबून ८६०३२ घालतो, हा अकराव्या महिन्यात २६५ घालतो, दोन्ही ट्रॉल्या एकाच गव्हाणीत रिकाम्या होतात, आणि पंधरवड्याच्या बिलात टनाला दर एकच येतो.